आखाडा, मंडळ आणि रक्तदाबाचे यंत्र: बडोद्याची पार्श्वभूमी

बडोद्यात खांदा निखळला की दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिराची वाट धरायची, ही जुनी रीत. जुम्मादादांचे शिष्य प्रा. माणिकराव तिथे व्यायाम शिकवत आणि हाडेही बसवत. ज्याने आपला खांदा जागेवर आणला, त्याने जोर-बैठका सांगितल्या तर माणूस मुकाट्याने ऐकतो. आधी उपचार, मग उपदेश, हा क्रम बडोद्याला तालमीने शिकवला. १९३६ पासून दहा खंडांत निघालेला मराठी व्यायामज्ञानकोशही याच शहरातला.

दुसरा धागा सयाजीराव महाराजांचा. १९०६ मध्ये राज्यभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण आले. १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डन यांना बोलावून ग्रंथालय खाते उभे केले. फिरत्या पेट्यांतून पुस्तके गावोगाव गेली. वाचता न येणाऱ्यांसाठी जादूच्या कंदिलाचे खेळ फुकट होत. लोकांना बोलवायचे नाही, लोक जमतात तिथे आपण जायचे, हे खात्याला तेव्हाच उमगले होते.

याचा चोख पडताळा बऱ्याच वर्षांनी, लॉस एंजेलिसच्या केशकर्तनालयांत मिळाला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रक्तदाबाच्या एका अभ्यासात ५२ दुकानांतले ३१९ कृष्णवर्णीय पुरुष होते. काही दुकानांत न्हाव्याने फक्त पथ्य आणि डॉक्टरकडे जाण्याचा सल्ला दिला. सहा महिन्यांत वरचा रक्तदाब सरासरी ९.३ अंकांनी उतरला. बाकीच्या दुकानांत औषधतज्ज्ञ स्वतः येऊन, डॉक्टरांशी ठरल्याप्रमाणे औषध सुरू करत. तिथे तो २७ अंकांनी उतरला. माणिकरावांना हे नवे वाटले नसते.

आपल्या मंडळांची रक्तदाब तपासणीची शिबिरे मात्र मोजण्यापाशीच अडतात. आरती झाली, प्रसादाबरोबर चहा झाला, जिना चढून माणूस आला आणि लगेच सदऱ्याच्या बाहीवरूनच पट्टा आवळला. असा आकडा कशाला धरायचा? चहा-तंबाखू झाल्यावर अर्धा तास जाऊ द्यावा. पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे गप्प बसवावे; शेजाऱ्याशी गप्पा चालू असल्या तरी आकडा चढतो. दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीवर, टेबलावर टेकलेला हवा. जाड दंडाला अरुंद पट्टा बांधला तर रक्तदाब उगाच जास्त दिसतो, म्हणून मोठा पट्टा जवळ असू द्यावा. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. वेगवेगळ्या दोन दिवशी १४०/९० किंवा त्याहून जास्त आला, तर तो उच्च रक्तदाब.

मिठाचे बोलायचे तर चमचा हातात धरून बोलावे: दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याच्या आत, त्यात पापड, लोणचे, फरसाणातलेही आले.

आणि आकड्याची चिठ्ठी नुसती हातात देऊ नये, ती घरी पोहोचेपर्यंत खिशात चुरगळते. मंडळाच्या वहीत नाव, आकडा, पुढची तारीख आणि फोन कोण करणार त्याचे नाव, असे चार रकाने आखावेत.