ट्रान्सफॉर्मेशनल हेडसर आणि इन्स्ट्रक्शनल हेडसर, नेमका फरक कुठे?

समजा सरकारी माध्यमिक शाळेत गणिताचा निकाल वर्षानुवर्षं घसरतोय. एक हेडसर गुपचूप मागच्या बाकावर जाऊन बसतात आणि तास संपल्यावर शिक्षकाला विचारतात, "गणितं तुम्हीच फळ्यावर सोडवलीत, पोरांना स्वतः सोडवायला वेळ कधी मिळाला?" मग चाचणीचे पेपर काढून दोघं मिळून बघतात की पोरं कुठल्या पायरीला अडकतायत. ही झाली इन्स्ट्रक्शनल लीडरशिप.

दुसऱ्या मॅडम सगळ्या गणितवाल्यांना एकत्र बसवतात, आपल्याला या पोरांना कुठवर न्यायचंय ते आधी ठरवू म्हणतात, वेगळं काही करून बघा, फसलं तर मी निस्तरते असंही सांगतात, आणि नुकत्याच लागलेल्या सरांची अडचण वेगळं बसून ऐकून घेतात. ही ट्रान्सफॉर्मेशनल.

पहिल्याचा हात थेट शिकवण्यावर, दुसरीचा शिकवणाऱ्याच्या मनावर. गोंधळ होतो कारण निकाल सुधारला की दोघांनाही आपण 'शाळा बदलणारे' म्हणून मोकळे होतो. आणि हो, स्टाफ मीटिंगला जोशात भाषण ठोकणं म्हणजे ट्रान्सफॉर्मेशनल नव्हे. 1985 मध्ये नेतृत्वाचे अभ्यासक बर्नार्ड बास यांनी ही कल्पना विस्ताराने मांडली तेव्हा स्फूर्ती देण्याच्या जोडीला लोकांना जुन्या पद्धतींवर प्रश्न विचारायला लावणं आणि एकेकाकडे व्यक्तिशः लक्ष देणंही त्यात होतं, नेमकं हेच भाषणवाले विसरतात. (मूळ मांडणी त्याआधीची, 1978 ची, जेम्स बर्न्स यांची, आणि ती राजकीय नेत्यांवरून आलेली. शाळांत ती नंतर केनेथ लिथवूड वगैरेंनी आणली.)

मग भारी कोण? 2008 मध्ये व्हिव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी आधीचे अभ्यास एकत्र करून बघितले तर विद्यार्थ्यांच्या निकालावर इन्स्ट्रक्शनलचा सरासरी परिणाम 0.42 आणि ट्रान्सफॉर्मेशनलचा 0.11 निघाला (हा 'इफेक्ट साइज', म्हणजे परिणाम किती मोठा ते दाखवणारा आकडा; 0 म्हणजे काहीच परिणाम नाही). फरक मोठाय. पण म्हणून दुसरीला मोडीत काढायची घाई नको, कारण मार्क्स आणि प्रिंटी यांनी 2003 मध्ये 24 शाळा तपासल्या तेव्हा जिथे दोन्ही एकत्र होतं तिथे शिकवणंही चांगलं आणि मुलांची कामगिरीही चांगली दिसली.

माझ्या मते सरकारी माध्यमिक शाळेत तर नुसत्या पहिल्यावर भागतच नाही. पगारवाढ हेडच्या हातात नसते, बदलीही बहुतेक वेळा वरूनच होते, म्हणजे बक्षीस-शिक्षेचा धाक जवळजवळ शून्य, तेव्हा माणसाला मनापासून कामाला लावण्याशिवाय दुसरं हत्यार उरतंच कुठे? शिवाय इथे विषय वेगळे, शिक्षक वेगळे. इतिहास शिकवून हेड झालेल्या माणसाने रसायनशास्त्राच्या तासाला बसून काय सांगायचं? शिस्त, वेळ, प्रश्न विचारण्याची पद्धत एवढं तो बघू शकतो, पण संकल्पना चुकीची समजावली गेली तर त्याला कळणारही नाही. ते काम विज्ञानाच्या सीनियर शिक्षकाकडे सोपवावं, त्याचे दोन तास कमी करून द्यावेत, आणि त्याने सहकाऱ्याच्या वर्गात बसलं तर कोणाला राग येणार नाही असं वातावरण मात्र हेडने स्वतः तयार करावं.