अब्हॉर : अर्थ आणि वापर

अब्हॉर हे इंग्रजी क्रियापद. एखाद्या गोष्टीचा मनापासून तिटकारा असणं हा अर्थ, नुसतं न आवडणं नव्हे. हेटपेक्षा जोर जास्त आणि जरा पुस्तकी. आपल्याकडं बरेच जण 'अभॉर' म्हणतात, पण त्यात ब आणि ह सुटे आहेत, भ नाही.

हा शब्द इंग्रजीत साधारण १५व्या शतकाच्या मध्याला आला असावा. थेट लॅटिनमधून आला की फ्रेंचच्या वाटेनं, यावर दोन मतं दिसतात, त्यातलं थेट लॅटिनवालं जास्त पटतं. मूळ शब्द अब्हॉरेरे, त्यात 'अब' म्हणजे लांब आणि 'हॉरेरे' म्हणजे अंगावरचे केस उभे राहणं, शहारणं (हॉरर त्यातलाच), म्हणजे शहारून मागं सरकणं असं चित्र. या हॉरेरेचं नातं बहुतेक अभ्यासक संस्कृतच्या हृष् धातूशी लावतात, आपल्या रोमहर्षक मधला तोच, आणि गंमत बघा, काटा एकच, पण तिकडं त्यातून तिटकारा निघाला आणि इकडं चक्क हर्ष. म्हणून अब्हॉरला 'तिरस्कार' लावला तर अर्धंच काम होतं, कारण तिरस्कार म्हणजे मुळात बाजूला सारणं, त्यात शहारा कुठाय? शिसारी जास्त जवळची. घृणा चालेल, पण जुन्या संस्कृतात घृणेचा अर्थ दया असाही आहे, तेव्हा जपून.

१६८० च्या सुमाराला इंग्लंडात यावरून राजकीय गटाचं नावच पडलं. राजा दुसरा चार्ल्स पार्लमेंट भरवेना म्हणून लोकांनी अर्ज केले, ते पिटिशनर, आणि त्या अर्जांचा तिटकारा आहे असं राजाला लिहून देणारे अब्हॉरर. पुढं हेच अनुक्रमे व्हिग आणि टोरी हे दोन राजकीय पक्ष.

वापरात 'आय ॲम अब्हॉरिंग' करू नये, 'आय अब्हॉर' एवढंच. आपण 'मला तिटकारा येतो' म्हणतो, म्हणजे तिटकारा आपल्याकडं येतो, इंग्रजीत माणूस स्वतः तो करतो, घोळ तिथंच होतो.

कोल्हापुरात बोलताना हा शब्द कोण वापरत नाही, शाहू स्टेडियमवर समोरच्या पेठेची टीम 'लई डोक्यात जाती', विषय संपला. कोर्टात मात्र चालतो. 'इक्विटी अब्हॉर्स फॉरफिचर', म्हणजे कुणाचा हक्क जप्त होणं न्यायबुद्धीला खपत नाही, हे वकिलांचं जुनं वचन, आणि ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच असल्यानं ते ऐकायला मुंबई गाठायला नको.