पुनर्विकासाचा नकाशा आणि मे महिन्याचं ऊन

जळगाव, भुसावळ, धुळे इथल्या जुन्या वसाहती आता पुनर्विकासाला निघाल्या आहेत. बैठी घरं, पुढे अंगण, अंगणात कडुनिंब, मागे बोळ. त्यांच्या जागी सात-आठ मजली इमारती. माहितीपत्रकावर ‘पर्यावरणपूरक’ असं छापलेलं असतं, गच्चीवर सौर पॅनेल दाखवलेले असतात. फाइल नगररचना विभागात गेली की एफएसआय (प्लॉटच्या मानानं किती बांधकाम करता येईल ते प्रमाण), साइड मार्जिन (बाजूला सोडायची मोकळी जागा), पार्किंग, जिन्याची रुंदी, आगीपासून संरक्षण हे सगळं तपासलं जातं, आणि ते तपासायलाच हवं. पण ही तपासणी बहुतेक वेळा प्लॉटच्या हद्दीपाशी थांबते. ऊन, पाणी आणि पायी जाणारा माणूस मात्र त्या हद्दीपाशी थांबत नाहीत, आणि खानदेशात ही उणीव फार महागात पडते.

आधी उन्हाचं पाहू. जळगाव साधारण 21 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात इथे दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच राहते. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही. सगळा मारा झेलते गच्ची, सकाळी पूर्वेची भिंत आणि दुपारनंतर पश्चिमेची. इमारत पूर्व-पश्चिम लांब ठेवली, तर उन्हाला सामोऱ्या जाणाऱ्या या दोन भिंती आखूड होतात. नकाशावर उत्तरेचा बाण असतोच. पश्चिमेला किती काच आणि किती झोपायच्या खोल्या आल्या आहेत, हे त्याच बाणावरून कळतं.

जुन्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरांच्या जाड मातीच्या भिंतीतून उष्णता आत पोचायला आठ-दहा तास लागायचे. तोवर रात्र झालेली असायची आणि माणसं धाब्यावर झोपायला गेलेली असायची. काँक्रीटचा पाच-सहा इंची स्लॅब ही उष्णता संध्याकाळीच घरात सोडतो, नेमकी सगळे घरी परतल्यावर. गच्चीला ताजा पांढरा लेप असेल तर पडलेल्या उन्हाचा बराच मोठा भाग परत जातो. काळा डांबरी पृष्ठभाग मात्र सुमारे 90 टक्के ऊन शोषून घेतो.

घराबाहेर पडल्यावर खरी परीक्षा सुरू होते. वर्तमानपत्रात येणारं 45 अंश तापमान हे सावलीतल्या, हवा खेळत्या पेटीत मोजलेलं असतं. रस्त्यावरच्या माणसाला त्याखेरीज थेट सूर्यकिरण लागतात, भर दुपारी एका चौरस मीटरवर हजार वॅटच्या आसपास. शिवाय डांबर साठ अंशांच्या वर तापलेलं असतं, त्याची धग खालून येते. सावलीत हवेचं तापमान फारसं उतरत नाही, पण हे दोन्ही मारे तुटतात, म्हणून ती सुसह्य वाटते. इमारतींची सावली मे महिन्याच्या दुपारी कामाला येत नाही, कारण सूर्य डोक्यावर असतो. तिथे झाडच लागतं, आणि तेही योग्य झाड. कडुनिंब आणि करंज एप्रिल-मेमध्ये नव्या पालवीनं भरलेले असतात. गुलमोहर तेव्हा फुलतो खरा, पण त्याची पानं विरळ असतात. माहितीपत्रकातल्या शोभेच्या पामची सावली तर एका माणसालाही पुरत नाही. भुसावळच्या जुन्या रेल्वे वसाहतींतली मोठी झाडं आजही काय काम करतात, ते दुपारी तिथून चालत गेल्यावर कळतं.

आता पाणी. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. जळगाव भागात वर्षाला सुमारे 700 मिलिमीटर पाऊस धरला, तर हजार चौरस मीटरच्या गच्चीवर सात लाख लिटर पडतं. त्यातलं 80 टक्के हाती लागलं तरी दहा हजार लिटरचे 56 टँकर भरतात. 500 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटवर राज्याच्या 2020 च्या एकत्रिकृत नियमावलीनं पर्जन्यजल संकलन बंधनकारक केलं आहे, म्हणून पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा नकाशावर दिसतोच. तो किती खोल आहे, हे मात्र विचारायला हवं. आपली काळी माती भिजली की फुगते, तिच्या भेगा बुजतात आणि पाणी फार सावकाश मुरतं. खड्डा काळ्या मातीतच संपला तर तो पहिल्या जोरदार पावसात भरून वाहतो. तो खालच्या मुरमापर्यंत, बेसाल्टच्या भेगाळ थरापर्यंत गेला पाहिजे, आणि त्याआधी गाळणीचा थर हवा.

आवारभर पेव्हर ब्लॉक बसवले की उरलेलं पाणी जातं नाल्यात. एका एकरावर तासात 30 मिलिमीटर पाऊस झाला, तर सव्वा लाख लिटरच्या आसपास पाणी पडतं. पूर्वी त्यातलं बरंच अंगणात थांबायचं, आता ते खालच्या वस्तीत घुसतं.

नाल्याच्या काठाला बांधकामापासून मोकळी पट्टी सोडावीच लागते. बहुतेक ठिकाणी ती कचऱ्याची जागा होते. तिथेच झाडांखालची पायवाट काढता येते, शाळेपर्यंत, बाजारापर्यंत, एखाद्या तलावापर्यंत. जळगावच्या मेहरूण तलावावर सकाळी फिरायला येणारे कितीतरी लोक गाडीवर येतात, चालतात आणि गाडीवरच परत जातात. घरापासून तिथवर चालण्याजोगी वाट नसेल तर दुसरं काय करणार?

समजा, शाळा सरळ रेषेत 300 मीटरवर आहे, पण मधल्या सोसायटीच्या वॉल कंपाउंडमुळे 900 मीटरचा वळसा पडतो. मिनिटाला 80 मीटर या चालीनं चार मिनिटांची वाट अकरा मिनिटांची होते. उन्हात अकरा मिनिटं म्हटली की गाडी बाहेर निघते. 1819 च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्जनं नव्या धुळ्याची आखणी केली. तिथल्या क्रमांकाच्या सरळ गल्ल्यांतून आजही माणूस थोडक्यात पलीकडे निघतो. पुनर्विकासात दोन-तीन प्लॉट एकत्र आले की मधला बोळ नकाशातून नाहीसा होतो, आणि एकदा गेलेला बोळ परत मिळत नाही.

0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या ले-आउटमध्ये 10 टक्के ओपन स्पेस सोडावी लागते. ती कोपऱ्यात, ट्रान्सफॉर्मरशेजारी टाकण्याऐवजी पायवाटेच्या तोंडाशी आली, तर तीच जागा वाटेवरचा विसावा होते. वाट सार्वजनिक वापराची आहे असं मंजूर नकाशावर लिहिलेलं असावं, आणि तिचे दिवे व झाडांचं पाणी कोण बघणार हेही. नाहीतर भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायची परवानगी) मिळाल्यावर तिथे कुलूप लागतं.

हे मागायची वेळ लवकर येते आणि लवकर जाते. सहकारी सोसायटीच्या पुनर्विकासाला 2019 च्या शासन निर्णयानुसार 51 टक्के सभासदांची संमती लागते. त्या सभेत चटईक्षेत्र आणि भाडं यांच्याबरोबर तीन कागद टेबलावर मागावेत: पश्चिमेच्या भिंतीचा आराखडा, शोषखड्ड्याचा उभा छेद, आणि शेजारच्या प्लॉटसह काढलेला पायवाटेचा नकाशा. बिल्डर ते देऊ शकतो, त्याच्या आर्किटेक्टला या तिन्ही गोष्टी येतात. सह्या झाल्यानंतर मात्र त्यासाठी वाढीव खर्चाचं पत्र येतं.