आरशासारखी चकती: थोडं घासून, थोडं विरघळवून

स्टेनलेस स्टीलची चकती पॉलिश पेपरने घासा, आधी जाड नंबर मग बारीक, वर बफिंग करा, तरी ट्यूबलाइटखाली तिरकी धरली की बारीक ओरखडे दिसतातच, कारण प्रत्येक कण जुना ओरखडा काढताना स्वतःचा छोटा ओरखडा सोडून जातो. दुसरा मार्ग इलेक्ट्रोपॉलिशिंगचा. चकतीला डीसी सप्लायचं प्लस टोक जोडून ॲसिडच्या टाकीत सोडायची, धातू आयन होऊन निघून जातो. चकाकी मस्त येते, पण मोठे उंचसखल भाग बरेचसे तसेच राहतात आणि दाट फॉस्फोरिक, सल्फ्युरिक ॲसिड सांभाळावं लागतं ते वेगळंच.

दोन्ही एकत्र केलं की मात्र खरी कमाल होते. इथे ॲसिड नको, सोडियम नायट्रेटचं साधं द्रावण चालतं. करंट सुरू झाला की पृष्ठभागावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा पापुद्रा धरतो आणि विरघळणं जवळपास थांबतं. वाटतं काम अडलं, पण मला तर सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो! नायलॉनच्या पॅडमधले ॲल्युमिनाचे कण फिरताना फक्त उंचवट्यांना लागतात, तिथला पापुद्रा खरवडला जातो, उघडा धातू झटकन विरघळतो, खड्ड्यांवरचा पापुद्रा मात्र शाबूत, म्हणून खड्डे खोल होत नाहीत. कणांना धातू कापायचाच नाहीये, नुसता पापुद्रा काढायचाय, त्यामुळे दाब कमी लागतो आणि ओरखडेही उथळ पडतात. पॅडचं आणखी एक काम म्हणजे त्याच्या मागचं, मायनस टोकाला जोडलेलं टूल चकतीला टेकू न देणं, टेकलं की शॉर्ट.

किती धातू जाणार ते फॅरेडेच्या नियमाने आधीच काढता येतं, सगळा करंट विरघळवण्यातच गेला तर 1 अँपिअर तासभर दिल्यावर साधारण 1 ग्रॅम लोखंड जातं.

चकतीची अडचण वेगळीच असते. 200 मिमी व्यासाची चकती मिनिटाला 300 फेऱ्यांनी फिरत असेल तर कडेला वेग सेकंदाला 3.1 मीटर, केंद्रापासून 20 मिमीवर जेमतेम 0.6. म्हणजे कडेला पापुद्रा सारखा निघतो, आत तो टिकून राहतो, आणि चकती कडेला जास्त झिजते. म्हणून टूलही स्वतःभोवती फिरवतात, शिवाय आतबाहेर सरकवतात, आत जरा जास्त वेळ थांबवतात. शेवटच्या फेरीत करंट कमी आणि कण अगदी बारीक.

उरलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही हं, स्टेनलेसमधलं क्रोमियम त्यात विषारी सहा-संयुजी रूपात असू शकतं, आधी रासायनिक प्रक्रिया करून गाळ वेगळा काढावाच लागतो.