क्वाड रेकॉर्डला कुठली सुई, आणि शिबाता आली कुठनं

सांगली-मिरजेत जुन्या रेकॉर्डी जपणारी माणसं बरीच आहेत, आणि शास्त्रीयच्या ढिगात कधीतरी कुणाच्या नातेवाइकानं परदेशातनं आणलेली एखादी क्वाड्राफोनिक, म्हणजे चार चॅनेलची, तबकडी निघते. मग पहिला प्रश्न सुईचा येतो आणि बहुतेक जण लगेच सांगतात, शिबाता या खास धारेच्या टोकाची सुई घ्या. सल्ला चुकीचा नाही पण अर्धवट आहे, कारण क्वाड म्हणजे काही एकच पद्धत नव्हती, आणि शिबाता सुई जन्माला आली ती त्यातल्या एकाच पद्धतीपायी.

स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आली १९५७-५८ च्या सुमारास. इंग्रजी व्ही सारख्या खाचेच्या दोन भिंती, एका भिंतीवर डावा चॅनेल, दुसऱ्या भिंतीवर उजवा, आणि मधनं एकच सुई दोन्ही वाचत जाते. १९६९ मध्ये अमेरिकेत व्हॅनगार्ड कंपनीनं चार चॅनेलच्या रीळ टेप काढल्या, टेपवर ते सोपंच होतं, चार ट्रॅक शेजारीशेजारी बसतात. पण रेकॉर्डला भिंती दोनच, तिथं चार आवाज बसवायचे कसे, यावर सगळं डोकं चाललं आणि त्याचे दोन रस्ते निघाले.

पहिला रस्ता मॅट्रिक्सचा. पीटर शायबर या माणसानं साठच्या दशकाच्या शेवटी दाखवलं की मागचे दोन चॅनेल फेज फिरवून, म्हणजे त्यांच्या लाटा थोड्या पुढंमागं सरकवून, पुढच्या दोनांत मिसळता येतात आणि घरी डीकोडरनं परत सोडवता येतात, अगदी स्वच्छ नाही पण बऱ्यापैकी. १९७१ च्या आसपास सीबीएस कंपनीनं एसक्यू नावाची पद्धत आणली, सान्सुई कंपनीनं क्यूएस. या रेकॉर्डीत काय आहे, तर साध्या स्टिरिओसारखाच २० किलोहर्ट्झच्या आतला आवाज, त्यापलीकडं काही लपवलेलं नाही. म्हणजे सुईकडनं अपेक्षा एवढीच की डावं-उजवं एकमेकांत सांडू नये आणि फेज बिघडू नये. चांगली इलिप्टिकल, म्हणजे लंबगोल टोकाची, सुई नीट सरळ बसवली तर एसक्यू-क्यूएसला पुरते, आणि वाकड्या बसवलेल्या महागड्या शिबातापेक्षा ती केव्हाही बरी.

दुसरा रस्ता जेव्हीसी या जपानी कंपनीचा, आणि खरी गंमत इथं आहे. त्यांनी अमेरिकेच्या आरसीए कंपनीबरोबर १९७२ मध्ये सीडी-४ ही पद्धत बाजारात आणली, आरसीएनं तिला क्वाड्राडिस्क नाव दिलं. यात प्रत्येक भिंतीवर पुढच्या-मागच्या आवाजाची बेरीज नेहमीसारखी कोरलेली, आणि त्यांची वजाबाकी ३० किलोहर्ट्झच्या कॅरियरवर, म्हणजे आवाज वाहून नेणाऱ्या लहरीवर, बसवलेली, अगदी रेडिओ स्टेशनसारखी. म्हणजे सुईनं साधारण २० पासून ४५ किलोहर्ट्झपर्यंत वाचायचं, जे माणसाला ऐकूच येत नाही, आणि ते डीमॉड्युलेटरला द्यायचं, मग तो बेरीज-वजाबाकी करून चार चॅनेल वेगळे काढतो.

आता हिशेब बघा. ३३ च्या स्पीडला बारा इंची रेकॉर्डच्या बाहेरच्या काठाला खाच सुईखालनं सेकंदाला साधारण ५० सेंटीमीटर सरकते, आणि लेबलजवळ येईपर्यंत हाच वेग २०-२१ सेंटीमीटरवर येतो. ३० किलोहर्ट्झची एक लाट बाहेर १७ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) लांब असते, आत फक्त ७. आणि त्या काळच्या साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्याच १७-१८ मायक्रॉन! ती त्या लाटेत उतरणार कशी, वरवरनं घसरत जाणार, आणि वर ५-६ ग्रॅम दाब देणारं सिरॅमिक कार्ट्रिज, म्हणजे सुई बसते ते डोकं, असेल, जसं आपल्याकडच्या घरगुती पोर्टेबल प्लेयरला असायचं, तर ती कॅरियर घासून पुसूनच टाकणार.

जेव्हीसीचे इंजिनियर नोरिओ शिबाता यांनी यावर उपाय काढला. हिऱ्याचं टोक पुढनं गोलच ठेवलं पण मागच्या बाजूनं असे पैलू पाडले की दोन्ही अंगांना पातळ, उभी धार तयार झाली. धार आडवी अगदी अरुंद, ६-७ मायक्रॉनच्या घरातली, म्हणून बारीक लाटेत शिरते, आणि उभी लांब, म्हणून सुईचा भार भिंतीवर पसरतो आणि झीज कमी होते. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढताना कुणी बघितलं असेल त्याला हे लगेच कळेल, तार घोडीवर नेमकी कुठं आणि किती टेकते एवढ्याशा फरकावर सगळा आवाज फिरतो, तसंच हे. मला तरी या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत देखणं काम वाटतं.

बाकीचेही मागं राहिले नाहीत. डेन्मार्कच्या बँग अँड ओलुफसेनमध्ये प्रमाणिक या इंजिनियरनं आपला वेगळा पैलू काढला, शुअर, पिकरिंग, स्टँटन, ऑडिओ-टेक्निका सगळ्यांची सीडी-४ ची कार्ट्रिजं आली. नुसती सुई बदलून भागत नव्हतं म्हणा, कार्ट्रिजच्या कॉइलचं इंडक्टन्स कमी लागायचं आणि केबलची कपॅसिटन्स १०० पिकोफॅरडच्या आसपास किंवा त्याखाली (ही दोन्ही वाढली की वरच्या लहरी अडतात), नाहीतर सुईनं वाचलेला कॅरियर वायरीतच मरायचा. रेकॉर्ड कोरतानासुद्धा कटिंग मशीन अर्ध्या वेगानं किंवा त्याहून हळू चालवायला लागायचं.

एवढं करून सत्तरचं दशक संपेपर्यंत क्वाड बाजारातनं गेली. एकमेकांशी न जुळणाऱ्या पद्धती, चार स्पीकरचा खर्च, गिऱ्हाईक वैतागलं. सुई मात्र टिकली, कारण साध्या स्टिरिओ रेकॉर्डचे आतले ट्रॅकही तिनं स्वच्छ वाजतात हे लोकांच्या लक्षात आलं होतं. आज ऑर्टोफॉनच्या टूएम ब्लॅकला किंवा ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५एसएचला शिबाता मिळते ती याच वंशातली.

तेव्हा आधी कव्हर बघा. एसक्यू किंवा क्यूएस लिहिलंय तर असलेली इलिप्टिकल नीट बसवा, पैसे डीकोडरवर घाला. सीडी-४ किंवा क्वाड्राडिस्क असेल तर शिबाता किंवा तसली धारेची सुई हवीच, दीड-दोन ग्रॅमवर चालणारी, आणि सुई घेताना कार्ट्रिज ४५ किलोहर्ट्झपर्यंत जातं का हेही बघा. पुराच्या पाण्यात भिजलेली रेकॉर्ड असेल तर धुतल्याशिवाय अजिबात लावू नका, खाचेतला गाळ धारेखाली आला की सुई आणि रेकॉर्ड दोन्ही जातात. आणि कुणी आधी जड सुईनं वाजवलेली सीडी-४ लगेच टाकून देऊ नका, लांब धार भिंतीवर अशा जागीही टेकते जिथं गोल सुई पोचलीच नव्हती, तिथं कधीकधी कॅरियर शाबूत सापडतो. विकत घेताना जमलं तर शेवटचा ट्रॅक लावून बघा, डीमॉड्युलेटरवरचा कॅरियरचा दिवा तिथंही लागलेला राहिला आणि जोरातल्या जागांना खरखर आली नाही तर रेकॉर्ड घ्यायला हरकत नाही.