जुने हातरंधे : पारख, मोल आणि पुनर्विक्री

लाकूड तासून सरळ, सपाट व गुळगुळीत करण्याचे सुताराचे हत्यार म्हणजे रंधा. विजेच्या यंत्रांनी त्याचे बरेचसे काम हिरावून घेण्यापूर्वी, म्हणजे ढोबळमानाने १९६० च्या आसपासपर्यंत बनलेल्या हातरंध्यांची निवड, किंमत, डागडुजी आणि फेरविक्री यांचा एक स्वतंत्र व्यवहार उभा राहिला आहे. त्यात दोन प्रकारचे गिऱ्हाईक असते. सुताराला रंधा चालायला हवा असतो, तर संग्राहकाला तो कारखान्यातून निघाला तसा हवा असतो. गंजलेला तळ घासून आरशासारखा केला, की पहिल्याच्या लेखी रंध्याचे मोल वाढते आणि दुसऱ्याच्या लेखी बहुधा संपते. त्यामुळे हातात आलेला रंधा कामाचा की संग्रहाचा, हे खरेदीच्या आधी ठरवावे लागते. बहुतेक नुकसान हा प्रश्न उशिरा पडल्याने होते.

घडण आणि घराणी

रंधा रोमनांनाही ठाऊक होता. इ.स. ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईत रंधे सापडले आहेत. बाजारात फिरणारे रंधे मात्र प्रामुख्याने अठराव्या शतकापासून पुढचे असतात. त्यांतले जुने रंधे लाकडी : बीच या झाडाच्या लाकडाचा ठोकळा, त्यात तिरके बसवलेले पाते आणि पात्याला आवळून धरणारी पाचर. ठोकळ्याच्या पुढच्या टोकावर कारागिराच्या नावाचा शिक्का असतो. लाकडी रंध्याच्या किमतीचा मोठा भाग या एका शिक्क्यात असतो.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधील रेंथम या गावी फ्रान्सिस निकोलसन रंधे बनवत. त्यांच्याकडे गुलाम असलेले सीझर चेलर त्यांच्याच हाताखाली हा धंदा शिकले. १७५३ मध्ये निकोलसन वारले आणि त्यांच्या मृत्युपत्राने चेलर स्वतंत्र झाले. त्यानंतर १७८४ मध्ये मृत्यू येईपर्यंत चेलर यांनी स्वतःच्या नावाचा शिक्का मारून रंधे घडवले. ज्या माणसाची एके काळी मालमत्तेत गणना होत होती, त्याचे नाव आज लाकडात कोरलेले वाचता येते. चेलर यांच्या रंध्यांना जी मागणी आहे तिचे कारण लाकूड किंवा पाते यांत शोधून सापडणार नाही, आणि ती मागणी सर्वस्वी रास्त आहे.

बिडाच्या रंध्याचे पहिले अमेरिकन पेटंट १८२७ मध्ये हॅझर्ड नोल्स यांनी घेतले. पण धातूचा रंधा खऱ्या अर्थाने रुळला तो लेनर्ड बेली यांच्या रचनेमुळे. पाते हातोडीने ठोकून खालीवर करण्याऐवजी पितळी चक्री फिरवून बसवायची सोय त्यांनी केली. कनेटिकटमधील न्यू ब्रिटन येथील स्टॅन्ली रूल अँड लेव्हल कंपनीने १८६९ मध्ये बेली यांची पेटंटे विकत घेतली. पुढे बेली आणि कंपनी यांचे बिनसले, तरी रचना टिकली आणि आजचे बहुतेक धातूचे रंधे तिच्याच वळणाचे आहेत. स्टॅन्लीने रंध्यांना लांबीप्रमाणे क्रमांक दिले : क्र. १ साडेपाच इंचांचा, क्र. ४ नऊ इंचांचा, क्र. ५ चौदा इंचांचा, क्र. ७ बावीस इंचांचा आणि क्र. ८ चोवीस इंचांचा. हे आकडे इतके रूढ झाले, की इतर कारखान्यांचे रंधेही लोक स्टॅन्लीच्याच क्रमांकांनी ओळखतात.

ब्रिटनमध्ये वेगळे घराणे वाढले. स्कॉटलंडमधील एअर येथील स्टुअर्ट स्पायर्स आणि लंडनचे नॉरिस यांचे रंधे म्हणजे धातूची पेटी आणि तिच्या पोटात घट्ट बसवलेले रोझवुड, म्हणजे शिसवीसारखे टणक, गडद लाकूड. उत्तम नमुन्यांत पोलादाचा तळ आणि बाजू डव्हटेल, म्हणजे पारव्याच्या शेपटीसारख्या पसरट दातांच्या सांध्याने जोडलेल्या असतात. घासून एकजीव केलेला हा सांधा सहज दिसतही नाही. नॉरिसने पाते पुढेमागे व आडवे हलवणाऱ्या कळीचे पेटंट १९१३ मध्ये घेतले, आणि ती कळ असलेले नग जास्त मागितले जातात. जपानी रंध्याचा, म्हणजे कन्नाचा, हिशेबच निराळा. तो ओढून चालवतात, त्याचा लाकडी ठोकळा झिजला की बदलायचा असे मानले जाते, आणि मोल असते ते पात्यावर नाव कोरणाऱ्या लोहाराचे.

काळ ओळखणे

स्टॅन्लीच्या बेली रंध्यांचे संग्राहकांनी वीसेक ‘टाइप’ पाडले आहेत. पुढच्या मुठीची उंची, पात्यावरचा शिक्का, तळाच्या आतल्या बाजूला ओतलेली अक्षरे अशा खुणांवरून टाइप ठरतो. फ्रॉगच्या, म्हणजे पात्याला टेकू देणाऱ्या तिरक्या ओतीव भागाच्या मागे पेटंटच्या तीन तारखा आणि पुढची मूठ बुटकी असेल, तर रंधा सुमारे १९१० ते १९१८ मधला. हृदयाच्या आकृतीत ‘एस डब्ल्यू’ (स्टॅन्ली वर्क्स) ही अक्षरे असलेला शिक्का १९२० नंतरचा. तो स्टॅन्ली वर्क्सचे दीर्घकाळ अध्यक्ष राहिलेले विल्यम हार्ट यांच्या नावावरून आला, आणि संग्राहक त्याला ‘स्वीटहार्ट’ म्हणतात. पाते दाबून धरणाऱ्या लिव्हर कॅपमधले भोक मूत्रपिंडाच्या आकाराचे दिसले, तर ती १९३३ किंवा त्यानंतरची. दुसऱ्या महायुद्धात पितळ दुर्मीळ झाल्याने काही रंध्यांना कडक रबराची चक्री आणि रंगवलेल्या साध्या लाकडाच्या मुठी आल्या. हे रंधे दिसायला ओबडधोबड असले तरी त्यांचे बीड जाड आहे आणि ते उत्तम चालतात.

या टाइपांवर फार विसंबू नये. कारखान्याने असे टाइप कधी ठरवलेच नव्हते. जुने सुटे भाग संपेपर्यंत ते नव्या रंध्यांना लागत राहिले, त्यामुळे दोन काळांच्या खुणा एकाच रंध्यात खऱ्याखुऱ्या सापडू शकतात. याउलट चार मोडक्या रंध्यांचे भाग जुळवून केलेला पाचवाही अगदी अस्सल वाटू शकतो. केवळ पात्यावरच्या शिक्क्यावरून काळ सांगणारा विक्रेता चुकण्याची शक्यता मोठी असते, कारण पाते हा झिजून बदलला जाणारा भाग आहे.

हातात घेऊन पारखणे

बीड ठिसूळ असते. उंचावरून पडलेला रंधा वाकत नाही, तडकतो. तडा बहुतेकदा तोंडाच्या, म्हणजे पाते ज्यातून बाहेर येते त्या तळातल्या फटीच्या कोपऱ्यातून निघून बाजूच्या भिंतीत चढतो, आणि मळ व जुन्या तेलाखाली लपतो. म्हणून सगळे भाग काढून, मोकळा सांगाडा बोटावर तोलून नखाने किंवा लाकडाच्या तुकड्याने हलकेच वाजवावा. धड बीड घंटेसारखे निनादते, तडकलेले बद्द आवाज देते. भांडे किंवा नाणे वाजवून घेण्याची रीत इथे अक्षरशः लागू पडते. नव्याने रंगवलेला रंधा दिसला तर हा आवाज ऐकल्याशिवाय पैसे मोजू नयेत. काळ्या लेपाखाली पितळी झाळ दडलेली असू शकते.

यानंतर तोंड पाहावे. त्याची कड तुटलेली असेल तर बारीक छिलका काढताना लाकूड उचकटते. पात्याचा कोन बसका असलेल्या क्र. ६२ सारख्या रंध्यात ही कड पातळ असते आणि तुटलेली हमखास आढळते. मागच्या मुठीचे वरचे टोक, लिव्हर कॅपचे कोपरे आणि पाते डावीउजवीकडे सरकवणारी कळ याही नेहमी मोडणाऱ्या जागा. पाते कापता येईल इतके उरले आहे का, तेही बघावे. पात्याच्या सपाट पाठीवर धारेलगत गंजाचे खोल खळगे असतील तर स्वच्छ धार लागत नाही. सुतारासाठी हा मोठा दोष नाही, कारण नवी पाती मिळतात. संग्राहकासाठी मात्र आहे.

हरवलेला स्क्रू ही क्षुल्लक बाब समजू नये. स्टॅन्लीने आपले आटे प्रचलित मापांपेक्षा वेगळे ठेवले होते : मुठींच्या व फ्रॉगच्या स्क्रूंना १२ क्रमांकाची जाडी आणि इंचाला २० आटे, तर लिव्हर कॅपच्या स्क्रूला ९/३२ इंच जाडी आणि २४ आटे. त्यामुळे साधा स्क्रू बसत नाही. कोणी जबरदस्तीने बसवला असेल तर बिडातले आटे कायमचे गेलेले असतात.

लाकडी रंध्यात कीड आणि चिरा पाहाव्यात. जुनी भोके चालतात, पण भोकातून ताजी पूड गळत असेल तर कीड जिवंत आहे, आणि ती शेजारच्या रंध्यांतही जाईल. लाकूड वर्षानुवर्षे आडवे आकसते, पाते मात्र आकसत नाही. पाते दोन्ही बाजूंना घट्ट अडकलेले असेल तर भिंती चिरतात. मालकांनी मारलेल्या नावांच्या शिक्क्यांना घाबरू नये. एकाच रंध्यावर तीन-चार नावे असतात, एका सुताराकडून दुसऱ्याकडे गेल्याची ती नोंद असते. ती तासून काढणारा माणूस रंध्याची वंशावळच पुसतो.

मोल कशात असते

स्टॅन्लीच्या क्रमवारीत क्र. ४ आणि क्र. ५ सर्वांत कामाचे. जवळजवळ प्रत्येक सुताराकडे ते होते, म्हणून ते उदंड आहेत आणि म्हणूनच स्वस्त. क्र. १ १९४३ पर्यंत बनत होता, तरी तो इतका चिमुकला, की मोठ्या माणसाची मूठ त्यावर नीट बसत नाही. पण तो थोड्यांनीच घेतला, थोडेच उरले, आणि संग्राहकांच्या बाजारात तो क्र. ४ च्या कित्येक पट मोलाचा ठरला. त्यामुळे त्याच्या प्रतिकृतीही निघतात. ओतकामाचा पोत, अक्षरांची ठेवण आणि भागांचे प्रमाण खऱ्या नमुन्याशी पडताळल्याशिवाय क्र. १ घेऊ नये. शिकाऊ सुताराला ही उतरंड वरदान आहे : सर्वांत चांगले चालणारे जुने हत्यार त्याला सर्वांत कमी पैशांत मिळते.

दुर्मीळपणाखालोखाल पूर्णपणाला मोल आहे. खाचा पाडण्याच्या क्र. ७८ मध्ये बाजूची आधारपट्टी आणि खोलीचा अटकाव बहुधा हरवलेले असतात. क्र. ५५ हा नक्षीपट्ट्या काढणारा रंधा चार पेट्यांतल्या ५० हून अधिक पात्यांसह येई. पाती सगळी असतील तर एक किंमत, नसतील तर अगदी वेगळी. नक्षीच्या लाकडी रंध्यांत अंतर्गोल-बहिर्गोल जोड्यांचा १८ नगांचा अर्धा संच एकाच कारागिराचा व सलग मिळाला, तर सुट्या नगांच्या बेरजेपेक्षा त्याला जास्त मोल येते. मूळ खोका, कागद, बिडावर उरलेला कारखान्याचा काळा लेप आणि निकेलचा मुलामा हेही किंमत चढवतात.

१९०० च्या सुमारास आलेल्या बेडरॉक मालिकेत, म्हणजे ६०२ ते ६०८ या क्रमांकांत, फ्रॉग पूर्ण पृष्ठभागाने तळावर टेकतो. ती संग्राहक आणि सुतार दोघांनाही हवी असते. १९८१ मध्ये सुरू झालेल्या ली-नील्सन कंपनीने आपले रंधे याच रचनेवर बेतले. चांगले नवे रंधे मिळू लागल्यापासून जुन्या बेडरॉकला संग्राहकच अधिक प्रमाणात विचारतात.

स्वच्छता किती करावी

कामाच्या रंध्याला मोकळेपणाने हात लावावा. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात विद्युत अपघटनाने गंज सुटतो आणि खालचे लोखंड शाबूत राहते. त्यासाठी विजेच्या जोडणीच्या दुसऱ्या टोकाला साधे लोखंड वापरावे. स्टेनलेस स्टील वापरल्यास पाण्यात विषारी क्रोमियम उतरते. तळ काचेवर लावलेल्या पॉलिश कागदावर घासताना टोक, तोंडाची पुढची कड आणि टाच एका पातळीत आली की पुरे. मधला उथळ खळगा कामात अडथळा आणत नाही.

संग्रहाच्या रंध्याला मऊ फडके, थोडे तेल आणि मेण, यापलीकडे काही करू नये. तारेच्या चक्रीने घासलेला, ताज्या रंगाने झळकणारा दुर्मीळ रंधा पाहिला की हळहळ वाटते. शंभर वर्षांत चढलेली काळसर झाक परत आणता येत नाही.

पुन्हा विकताना

रंधे बहुधा घर किंवा कारखाना रिकामा करताना ढिगाने निघतात, तिथून विक्रेत्याकडे, लिलावात आणि शेवटी संग्राहकाकडे जातात. अभ्यासकांच्या संस्थाही आहेत : अमेरिकेत १९३३ मध्ये अर्ली अमेरिकन इंडस्ट्रीज असोसिएशन आणि ब्रिटनमध्ये १९८३ मध्ये टूल अँड ट्रेड्स हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. संग्राहकांच्या बाजारात ‘उत्तम’, ‘चांगला’, ‘बरा’ अशा प्रती ठरलेल्या आहेत, आणि गंज, उरलेला लेप व दुरुस्ती पाहून त्या दिल्या जातात.

साध्या क्र. ५ वर दोन दिवस राबून तो विकला तर मेहनतीचे मोल सुटत नाही. म्हणून काही विक्रेते रंधा सुटा करून पाते, लिव्हर कॅप, मुठी, फ्रॉग वेगवेगळे विकतात, आणि ती बेरीज अख्ख्या रंध्यापेक्षा जास्त भरते. तडकलेल्या सांगाड्याच्या बाबतीत हे योग्यच आहे, त्यातून दुसरे चार रंधे चालते होतात. पण धडधाकट रंधा थोड्या जास्त पैशांसाठी मोडणे या व्यवहारातला खरा तोटा आहे.

विकताना तळ, तोंड, दोन्ही बाजू, पात्याची पाठ आणि फ्रॉग काढून आतली बैठक यांची छायाचित्रे द्यावीत. झाळ, बदललेला भाग, नवा रंग हे लिहून सांगावे. जुन्या अमेरिकन रंध्यांच्या मुठी पुष्कळदा ब्राझिलियन रोझवुडच्या असतात. हे झाड १९९२ पासून साइट्स या, संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणून असा रंधा देशाबाहेर पाठवण्याआधी परवान्याचे नियम पाहावेत. हस्तिदंती टोके असलेल्या रंध्यांनाही हेच लागू आहे. पाठवणी करताना पाते काढून वेगळे गुंडाळावे, मागच्या मुठीभोवती जाड गादी द्यावी आणि रंधा खोक्यात जराही हलणार नाही असा भरावा. खोके एकदा उंचावरून पडले, की आत मोकळ्या असलेल्या बिडाला तेवढा एक धक्का पुरतो.