दाढीचा साबण : कांडी आणि वडी

ओल्या दाढीसाठी ब्रशने फेसून वापरायचा आणि मुद्दाम त्याच कामासाठी बनवलेला साबण म्हणजे दाढीचा साबण. तो घट्ट वडी, कांडी किंवा मळलेल्या कणकेसारखा मऊ गोळा अशा रूपांत मिळतो. ट्यूबमधले क्रीम हे त्याच कुळातले, फक्त त्यात पाणी जास्त. डबा दाबून काढायचा तयार फेस मात्र वेगळ्या जातीचा. ही नोंद स्वस्त वड्या-कांड्यांविषयी आहे. स्वस्त म्हणजे हलका माल, हा हिशेब इथे चालत नाही, कारण चांगल्या फेसाला लागणारा कच्चा माल मुळातच महाग नाही. भारी साबणात लॅनोलिन, शिया बटर असे त्वचेला मऊपणा देणारे पदार्थ असतात हे खरे, पण जास्तीच्या पैशांतले बरेचसे सुगंधाचे, लाकडी वाटीचे आणि वेष्टनाचे असतात.

तेल किंवा चरबी अल्कलीबरोबर शिजवली की साबण आणि ग्लिसरीन तयार होते. सोडियम हायड्रॉक्साइडने कठीण साबण होतो, पोटॅशियम हायड्रॉक्साइडने मृदू आणि पाण्यात चटकन विरघळणारा. आंघोळीची वडी सहसा सोडियमवाली असते. दाढीच्या साबणात दोन्ही असतात आणि पोटॅशियमचा वाटा चांगला भक्कम असतो. दुसरा फरक मेदाम्लांचा, म्हणजे तेला-चरबीतल्या आम्लांचा. खोबरेलातल्या लॉरिक आम्लामुळे फेस झटकन फुलतो, पण बुडबुडे मोठे असतात आणि लवकर बसतात. स्टिअरिक आम्लाचा फेस उशिरा येतो, मात्र बारीक, दाट आणि टिकाऊ असतो. आंघोळीच्या साबणाने दाढी करून पाहिलेल्यांना हा फरक चांगला ठाऊक असतो : एक गाल होईपर्यंत दुसऱ्या गालावरचा फेस विरलेला असतो. स्टिअरिक आम्लाची ओळख पटली ती फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल युजीन शेव्हरल यांच्या चरबीवरील संशोधनातून. हे संशोधन १८२३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. मेणबत्तीलाही हेच आम्ल लागते, त्यामुळे ते ढिगाने तयार होत आले आहे. स्वस्त साबण चांगला का निघू शकतो, याचे उत्तर बरेचसे इथे आहे.

साबणाचे काम केस कापणे सोपे करण्याचे. दाढीचा कोरडा खुंट चिवट असतो. पाणी मुरले की तो फुगतो आणि पात्याला सहज दाद देतो. ते मुरायला दोन-तीन मिनिटे लागतात. साबण केसावरचा तेलकट थर काढतो, फेस पाणी जागच्या जागी धरून ठेवतो आणि त्वचा व पाते यांच्यामध्ये वंगण होतो. म्हणून फेसाचा डोंगर किती उंच, यापेक्षा त्यात पाणी किती मावले आहे हे जास्त महत्त्वाचे.

अमेरिकेत जे. बी. विल्यम्स यांची कंपनी १८४० पासून मगमध्ये फेसायचा साबण करीत होती. जिलेटचा सुटी पाती बसवायचा रेझर १९०३ मध्ये विक्रीला आला, रोज स्वतःच्या हाताने दाढी करणारे वाढले आणि साबणाचा खपही वाढला. पण १९१९ मध्ये बार्बासोल हे ब्रशविना लावायचे क्रीम आले, पुढे शतकाच्या मध्याला दाबायचे डबे आले, आणि ब्रश मागे पडला. तरी काही कांड्या टिकून राहिल्या : तुर्कस्तानची आर्को, स्पेनची लेआ, युरोपात मिळणारी पामोलिव्ह. आर्कोची ७५ ग्रॅमची कांडी स्वस्त साबणांचे प्रमाण मानावी इतकी जगभर पोचली आहे. तिचा लिंबट, फरशी पुसायच्या द्रवाची आठवण करून देणारा वास कित्येकांना सोसत नाही, पण फेसाबद्दल तक्रार क्वचितच ऐकू येते. इटलीत सेलाचा बदामी वासाचा मऊ साबण एक किलोच्या ठोकळ्यातही मिळतो. मोठा ठोकळा घेऊन मित्रांनी वाटून घेणे ही काटकसरीची उत्तम रीत.

वेष्टनावरची घटकांची यादी वाचायला शिकले की खरेदी फसत नाही. सुरुवातीलाच स्टिअरिक ॲसिड किंवा पोटॅशियम स्टिअरेट दिसले तर फेस बहुधा दाट येईल. ‘टॅलोएट’ म्हणजे प्राण्यांची चरबी, ‘पामेट’ म्हणजे पामतेल, ‘कोकोएट’ म्हणजे खोबरेल. प्राणिज पदार्थ टाळणाऱ्यांनी पहिला शब्द लक्षात ठेवावा. केवळ पारदर्शक ग्लिसरीनच्या वड्या हाताला सुरेख लागतात, पण त्यांचा फेस अनेकदा पोकळ निघतो.

स्वस्त साबणाला नावे ठेवली जातात त्यातली निम्मी पाण्याच्या चुकीमुळे. कांडी ओल्या चेहऱ्यावर खुंटांच्या उलट दिशेने घासावी; पांढरा थर स्पष्ट दिसला पाहिजे. मग पाणी झटकलेला ब्रश गोल फिरवावा. आधी कोरडा, चिकट लेप तयार होतो, आणि बहुतेक जण इथेच थांबतात. थांबू नये. ब्रशची टोके पाण्यात बुडवून पुन्हा फिरवावे, असे तीन-चार वेळा. लेपाला हळूहळू ओली चकाकी येते, दिसणारे बुडबुडे नाहीसे होतात आणि ब्रश उचलला की फेसाचे टोक वळून खाली झुकते. तो क्षण ओळखता आला की साबण कोणता याने फारसा फरक पडत नाही. फेस सैल होऊन ओघळू लागला तर पाणी जास्त झाले. कांडी आणखी एकदा घासावी.

पाणी दुष्फेन असेल तर त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका करतात आणि फेस उभाच राहत नाही. काही उत्पादक यासाठी साबणात ईडीटीए घालतात, ते कॅल्शियमला बांधून ठेवते. नसेल तर साबण थोडा जास्त घ्यावा किंवा फेसापुरते ऊर्ध्वपातित पाणी वापरावे. वाटीभरही लागत नाही.

एका दाढीला साधारण एक ग्रॅम साबण जातो, म्हणजे ७५ ग्रॅमची कांडी रोज वापरून दोन महिन्यांहून जास्त पुरते. कांडी बोटांत धरता येईनाशी झाली की तिचा तुकडा वाटीच्या तळाला अंगठ्याने दाबून बसवतात आणि ब्रश थेट त्यावर फिरवतात.